थडग्यावरचा लाल रंग

...नाही हो, बसा, चुकीच्या घरी नाही आलात. कुवाबारा फुमिए मीच. हो, तीच — मघाशी देवळामागच्या थडग्यावर जिच्या नावानं उदबत्ती लावून आलात, तीच. चहा घ्या. मी आपली माकुळं वाळत टांगत टांगत बोलते, ओली मासळी तशीच ठेवली तर वास मारते.

उद्या प्रार्थना आहे म्हणता — चित्रपट सुरू करायच्या आधी नट, कॅमेरावाले, माझा भाऊ, सगळे थडग्याशी हात जोडणार, मेलेली रागावायला नको म्हणून. बरोबरच आहे, रीतच आहे ती. आधीच्या दोन चित्रपटांना तुमच्या लोकांनी नव्हते जोडले हात, मग कुणाचा पाय मोडला म्हणे, दिवे पडले म्हणे — मी कशाला पाडीन दिवे? मी इथं माकुळं वाळवत होते.

कियोहारु माझा धाकटा भाऊ. लहानपणी खडकावर शिंपले वेचायला गेला आणि लाटेनं ओढला त्याला — मी उडी टाकली, त्याला वर ढकललं, माझा पाय खडकांत अडकला तो कायमचा गेला. हा डावा. म्हणून अशी ओढत चालते. आता त्याच्या कादंबरीत काय आहे, तुम्ही वाचलीच असेल — भाऊ वाचतो, बहीण बुडते, आणि मग ओल्या केसांनी पाय ओढत त्याच्या दाराशी येते. छान लिहिलंय हो, खोटं कशाला बोलू, वाचताना मीसुद्धा दार दोनदा बघून आले. आधी कुत्रं विचारत नव्हतं त्याला, शिकवण्या करून दिवस काढायचा, मी इथून सुकी मासळी पाठवायचे — आणि मग बक्षीस काय, चित्रपट काय, अमेरिकेत तोच चित्रपट पुन्हा काय. मुलाखतीत कुणीतरी विचारलं, यात खरं किती? तो म्हणाला, ‘ताई खरी होती.’ होती. एवढंच. बाकीचं पेपरवाल्यांनी लिहिलं, त्यानं फक्त नाही म्हटलं नाही.

राग आला का? नाही... आला, थोडा. बुडालेली बहीण लोकांना हवी असते, मासळी वाळवणारी लंगडी कुणाला हवी — कळतं मला. त्याचे वाचक दाराशी यायचे, मी सांगायचे, मी घर सांभाळणारी बाई. एकदा शहरात जाऊन चित्रपट बघितला. पाय ओढल्याचा आवाज आला की अख्खं थिएटर किंचाळायचं, शेजारची पोरगी तर भीतीनं माझाच हात धरून बसली. मग दिवे लागले — आणि मला तर उठून हाच पाय ओढत बाहेर जायचं होतं. नाही उठले. झाडूवाला येईपर्यंत तशीच बसून राहिले.

पण थडग्याचं वेगळं. तो दगड आईबाबांसाठी मी बसवला. बसवणाऱ्याचं नाव बाजूला कोरतात, आणि तो जिवंत असला की अक्षरांत लाल रंग भरतात, मेला की काढतात. तुम्ही शहरातली मुलं, तुम्हाला कुठलं ठाऊक. तर माझ्या नावातला रंग गेला. म्हटलं, खारं वारं. भरला. पुन्हा गेला, पुन्हा भरला — दगडाशी गुडघे टेकून, या पायानं. शेवटी पाथरवट ओकुदा खाली बघत म्हणाला, फुमिएबाई, कियोहारुसाहेबच सांगतात, कुणी बघायला येणार असलं की रंग खरवडून टाक म्हणून. म्हणजे येतो तो — गावात येतो, देवळापर्यंत येतो. या खिडकीतून देवळाचं छप्पर दिसतं, बघा. तिथून इथं काही येववत नाही त्याला.

मेलेली असते तरी चाललं असतं मला, खरंच सांगते. मेलेल्या बहिणीला निदान भेटायला तरी येतात.

...काय? पुन्हा सांगा. त्यानं निरोप दिलाय? कुणाला, मला? ‘उद्या दुपारपर्यंत घराबाहेर पडू नये’ — बरं. कुणी पडू नये? नाही, बोला ना, तो काय म्हणाला तेच सांगा. घर सांभाळणाऱ्या बाईनं.

असं म्हणाला.

अहो, तुम्ही कशाला माफी मागता, उठा, जमिनीला कपाळ लावू नका, तुमचा काय दोष यात. तुम्ही फक्त उलटा निरोप घेऊन जा. म्हणावं, बाई येणार. मागं उभी राहीन, कुणाच्या वाटेत येणार नाही, कॅमेऱ्यात दिसायची हौस नाही मला. देवळातले पुजारी नवीन आहेत, त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत, ते ओळीनं मेलेल्यांची नावं घेतील — बाबांचं, आईचं, मग माझं. माझं नाव घेतलं की शाळेत हजेरीला म्हणायचे तसं मोठ्यानं म्हणणार मी — हजर. बास, दुसरं काही नाही बोलणार. मग त्याला किंचाळायचं असेल तर किंचाळू दे.

आणि निरोपाबरोबर आणलेला हा मिठाईचा डबा परत न्या. नाही, न्याच. निघा आता.