हात न टेकता

दवाखान्यात माझ्या शेजारी दोन आजोबा बसले होते. त्यातले एक हातांची घडी घालून खुर्चीतून सारखे उठत-बसत होते. दुसऱ्यांच्या पुढ्यात वॉकर होता. त्यांनी विचारलं,

“अहो, हे काय चाललंय?”

“तयारी! गुडघे दुखतात म्हटलं, की डॉक्टरीणबाई हात न टेकता उठायला लावतात. तेही घड्याळ लावून.”

“मग?”

“मागच्या खेपेला नापास झालो. तेव्हापासून लेक हटून बसलीय, एकटं राहायचं नाही म्हणून. पंधरा दिवस घोकंपट्टी चाललीय माझी.”

“जमतंय?”

“हे बघा! अंग पुढे झोकायचं आणि उठायचं. कळ आली तरी चेहरा हसराच ठेवायचा.”

“मी श्वास रोखून धरायचो.”

“म्हणजे तुम्हीही?”

“महिनाभर सराव केला. अव्वल पास! बाई म्हणाल्या, तुम्हाला तर काठीसुद्धा नको.”

“वा! मग हा वॉकर?”

“आठव्या दिवशी न्हाणीघरात पडलो. खुबा मोडला.”

“अरेरे. बाईंना सांगितलंत, सरावाचं?”

“कुठल्या तोंडाने सांगू?”

तेवढ्यात डॉक्टरीणबाईच दारात आल्या आणि हातांची घडी घातलेल्या आजोबांना म्हणाल्या,

“चला आजोबा, तुमचा नंबर. उठा बघू.”

“थांबा हं बाई. मला हात टेकूनच उठावं लागतं.”