लेकरं माझी नाहीत

नाही, पण मी म्हणते, लग्नाला तीन महिने झालेल्या बाईच्या एका हाताला सात वर्षांची पोरगी आणि दुसऱ्या हाताला चार वर्षांचा पोरगा दिला, तर बघणाऱ्यांनी तरी काय समजावं? तुम्हाला सांगते, लेकरं माझी नाहीत. माझ्या जाऊबाईंची, नीलाताईंची आहेत. पण ताईंचं डोकं रविवारीच दुखतं, भासऱ्यांना, म्हणजे ताईंच्या नवऱ्याला, रविवारीच काम निघतं, सासूबाईंचे गुडघे आठवडाभर धावतात आणि बरोबर रविवारी बसतात, आणि आमचे हे, रत्नपाल, प्लांटमधून रात्रपाळी करून आले की भिंतीकडे तोंड करून झोपतात. उरलं कोण? मी बोलत नाही ना, म्हणून मला विचारावंही लागत नाही. 'रंजिता जाईल' म्हणतात, झालं!

तर तिरोड्याहून पॅसेंजर धरायची, गोंदियाला उतरायचं. पलीकडच्या फलाटावर बल्लारशाची गाडी उभी. ती सौंदडला जाते, माझ्या माहेरी. दर रविवारी उभीच असते मेली... आणि मी तिच्यासमोरून दोन लेकरं ओढत ऑटोकडे. कुठं? तर वृद्धाश्रमात, ह्यांच्या आजीला भेटायला. लेकरांची ती मोठी आजी. घरी दिवसभर कोणी नसतं म्हणून तिला तिथं ठेवली, असं मला सांगितलेलं.

फाटकावर सुखराम वॉचमन वही घेऊन बसलेला. "बहूजी, आप और आपके दो बच्चे." मी म्हणते, बच्चे मेरे नहीं हैं. तो म्हणतो, हां हां, सब ऊपरवाले के हैं, आणि लिहून टाकतो, माँ, दो बच्चे!

आत व्हरांड्यात बायका. पहिल्याच रविवारी सावित्रीबाईंनी विचारलं, लगन कवा झालं वो? मी म्हटलं, बुद्धपौर्णिमा झाली की आठ दिवसांनी. झालं, सगळ्या आधी पोरीकडे बघायला लागल्या, मग पोराकडे, मग बोटांवर महिने मोजायला लागल्या... आणि ही समीक्षा कधी नव्हे ते शहाण्यासारखी सांगते, मी दुसरीत आहे! मी चारदा सांगितलं, लेकरं माझी नाहीत. तर सावित्रीबाईंनी माझा हात हातात घेतला आणि इतक्या मायेनं म्हणाल्या, "राहू दे वो बाई. आमी कोनाले सांगत नाही."

आणि आमची आजी, धुरपताबाई, जिला सगळं ठाऊक, ती काय करत होती? पदराआड हसत होती!

पण तुम्हाला सांगते, ती विचारते हो. जेवलीस का, झोप लागते का, सौंदडची आठवण येऊन राहिली का. घरात एवढी माणसं, पण हे कोणी विचारत नाही. मग मी तिथं बोलत सुटते. समीक्षानं घरी सांगितलं की काकू तिथं बोलते, तर ताईंना ते खरंच वाटेना.

म्हणून एकदा जेवताना मी धीर केला. म्हटलं, आजीला घरी आणू, आता मी असते ना दिवसभर. सासूबाईंनी माझ्या ताटात न मागता भाजी वाढली. सासरे म्हणाले, "ठेवाचं कुठं?" आणि विषय संपला. आता कुठं म्हणजे काय, माणसाला जागा लागते केवढी?

पुढच्या रविवारी मी आजीलाच विचारलं, आजी, घरी येता का? माझ्याजवळ राहा. तर समीक्षा तोंडात बिस्किट धरून म्हणते, "मोठी आजी कशी येईन? तिच्या खोलीत तर काकू राहते."

... मला कोणी सांगितलं नव्हतं. लग्नाआधी खोलीला रंग दिला, एवढंच ठाऊक. मग मीच बोटांवर मोजलं. मला येऊन तीन महिने. आजीला इथं येऊन साडेतीन.

मान वर करवेना. आजीच म्हणाली, अगदी भाजीत मीठ घालायला सांगावं तशी, "ते मागची खिडकी लागत नाही वो. फटीत चिंधी कोंबत जा. पान्याची झड आत येते."

घरी आल्या आल्या मागची खिडकी पाहिली. फटीत चिंधी होतीच. हिरव्या लुगड्याची, घट्ट बसवलेली, वरून रंगाचे दोन ओघळ. एवढा पावसाळा मी त्या खिडकीखाली झोपले, एक थेंब आला नाही, आणि मला वाटायचं, खिडकी चांगली आहे!

परवाच्या रविवारी पुन्हा गेले. बल्लारशाची गाडी उभीच होती. सुखरामनं लिहिलं, माँ, दो बच्चे. मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. सही केली. आता तुम्हाला म्हणून सांगते, लेकरं माझी नाहीत. खोलीही माझी नाही. पण राहू दे... तुम्ही कोणाला सांगू नका.