पियानोच्या पोटात हात

मी मूळचा पूर्णेचा न्हाई. चुडाव्याच्या पलीकडं एक खेडं हाय, तिथला. आमी बौद्ध. आमच्यात सुतारकी कुणाची नव्हती, गावच्या सुतारानं आमाला रंध्याला हातबी लावू दिला नसता. पर रेल्वेच्या शेडमंदी खलाशी, म्हंजे उचलाउचलीचा गडी, म्हणून लागलो आन तिथल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं माझं काम बघितलं, म्हणला तुझं लाकूड ऐकतंय रे, तसा मी सुतार झालो. डब्याची दारं, बाकडी, साहेबांची टेबलं, सगळं केलं. आन पियानो. हासू नका, पियानोबी केला.

रेल्वे कॉलनीत क्लब व्हता, त्यात तो पियानो. भजनातल्या पेटीला असत्यात तसल्या पट्ट्या, पर आकार कपाटाएवढा, आन पोटात तारा, आन दर पट्टीमागं लाकडाची एक हातोडी. पट्टी दाबली की हातोडी तारेवर बसती आन माघारी येती. तो सुरात लावायला सिकंदराबादेहून एक माणूस यायचा, तो वारला, मग डोरीन मॅडमनी मला बोलावणं धाडलं. मॅडम म्हंजे अँग्लो-इंडियन बाई, नवरा गार्ड व्हता, तो गेला आन ही कॉलनीतल्या लेकरांना पियानो शिकवायची. मला म्हणली, मिस्त्री, ये रो रहा है, इसको चुप कराओ. मी शेडमंदी एक पाना घासून घासून तारा ताणायच्या खुंट्यांच्या मापाचा केला, आन ती कान देऊन बसायची, थोडा ऊपर, थोडा नीचे, अशी सांगायची, मी पिळायचो. वर्षभरात मलाच कळायला लागलं कोणती तार उतरली.

बदल्यात काय पाहिजे म्हणली. मी म्हणलो, मपल्या पोरीला शिकवा. सुजाता तवा दहा वर्षांची.

मॅडम दरसाल एक कार्यक्रम करायची. लेकरं पियानो वाजवायची, एक टीसी व्हते ते व्हायोलिन, कधी दोघंतिघं मिळून वाजवायची, आन शेवटी मॅडम सोता गायची, त्यांच्याकडच्या संगीत नाटकातलं गाणं, ऑपेरा म्हणत्यात त्याला. असा आवाज चढवायची की बाहेरची कुत्री गप व्हायची. लोकांना काई कळायचं न्हाई, मलाबी न्हाई, पर अंगावर काटा यायचा. सुजातासाठी मॅडमनी एक चीज काढली, कुण्या जर्मन माणसाची, सात-आठ मिंटाची. पोरगी रोज शाळा सुटली की क्लबात जायची आन मी ड्युटी सुटली की तिला आणायला, तसं ऐकून ऐकून ती चीज मला आख्खी पाठ.

आता ऐका. तिच्या पहिल्या साली कार्यक्रम ठरला, पोरीला पांढरा झगा शिवला, आन तेवढ्यात विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आन मराठवाडा पेटला. गाड्या बंद. खेड्यातून माझा भाऊ, भावजय, लेकरं, नेसत्या कपड्यानिशी माझ्या दोन खोल्यात आली, घर जळालं म्हणली. घरात चौदा माणसं. कार्यक्रम कशाचा व्हतोय. त्या गर्दीत सुजाता मला म्हणली, बाबा, मी कवा वाजवू? मी तिच्यावर वरडलो. काय सांगू तुमाला, अजून कानात हाय ते माझंच वरडणं.

दुसऱ्या साली पुना बसवला. पोरीचं नाव शेवटी टाकलं. पाहुणे साहेब भाषणाला हुबारले ते बसंचनात, मग त्यांच्या बायकोला गाण्याची हौस आली, तिनं तीन गाणी म्हणली, मग क्लबाचे सेक्रेटरी म्हणले टाइम झाला, चहा थंड व्हायलाय. सुजाता पट्ट्यांपुढच्या स्टुलावर जाऊन बसली व्हती. बसलेली उठवली तिला.

तिसऱ्या साली मॅडमनी सेक्रेटरीला सांगितलं, पहिलं नाव सुजाताचं, न्हाईतर मी गाणार न्हाई. मी आठवडाभर पियानो लावला, एकूण एक तार. आन कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सेक्रेटरीनं क्लब दिला लग्नाला! दुसऱ्या दिवशी दुपारी जाऊन बघतो तर पियानोवर पाण्याची पिंपं ठिवलेली, गळून गळून पाणी आत गेलेलं, लाकूड फुगलेलं. मी सेक्रेटरीला म्हणलो, साहेब, ह्याच्यावर कुणी पाणी ठिवतं का? ते म्हणले, अरे टेबलच तर हाय ते. मी पंखा लावला, फडक्यानं पुसलं, इस्त्री गरम करून जवळ धरली. सगळं बोलायला लागलं, एक हातोडी सोडून. मधली. ती तारेवर जाऊन बसायची आन माघारी यायचीच न्हाई. आन त्या चिजेत तो सूर घडीघडीला येतोय.

सहा वाजले. हॉल भरला. मॅडम म्हणली, आज रहने दो. सुजाता म्हणली, न्हाई, मी वाजवणार. मग मी काय केलं, पियानोची वरची फळी काढली, बाजूला हुभा राहिलो आन पोटात हात घातला. ती तो सूर वाजवायची, मी बोटानं हातोडी माघारी ओढायचो. कवा येणार ते मला ठाऊक, पाठच हाय की. एकदाबी चुकलो न्हाई. आख्खी चीज वाजवली पोरीनं, शेवटापत्तूर. पर लोक हासायले व्हते हो. पुढच्या खुर्च्यांवरून कुणीतरी म्हणलं, म्हशीचं बाळंतपण करायलाय का काय! आन मग सगळा हॉल. टाळ्याबी हासत हासत.

सेक्रेटरी मला म्हणले, तुला स्टेजवर कुणी बोलावलं व्हतं? तुझं काम पडद्यामागं. ते जाऊ द्या, असले बोल मी लय ऐकलेत. पर घरी येताना सुजाता माझ्या पुढं पुढं चालली. दारात आल्यावर म्हणली, बाबा, तीन वर्षं केलं मी, आन लोकांनी तुमचा हात बघितला. मी म्हणलो, अगं मी हात घातला नसता तर वाजलंच नसतं. ती म्हणली, माहीत हाय. तेच तर. आन परत कवा क्लबात गेली न्हाई. मॅडम दोनदा घरी आली, पोरगी मागच्या दारानं निघून गेली. पुढं मॅडम लेकाकडं परदेशी गेली, आन एक दिवस मी रजेवर असताना क्लबवाल्यांनी पियानो भंगारात काढला. मला विचारलंबी न्हाई. मी आलो तवा नुसती जागा, फरशीवर चार खुणा.

आता मी रिटायर झालोय. विद्यापीठाला यंदा नाव लागलं, सोळा वर्षांनी, तेबी आधीच्या नावाला जोडून. वस्तीत पेढे वाटले, मीबी खाल्ला, भावाची आठवण झाली, तो असायला पाहिजे व्हता. सुजाता पेडगावला शाळंत मास्तरीण हाय, दोन लेकरं हायत, जावई चांगला माणूस. उन्हाळ्यात आली तवा मी धीर करून म्हणलो, बाई, त्या दिवशी तू लय चांगलं वाजवलंस, एक सूर चुकला न्हाई. ती म्हणली, बाबा, भाजी लागायली, बघते. आन आत गेली.

पर खरंच चुकला न्हाई हो. हॉलभर माणसं व्हती, त्यातल्या एकानं तरी नीट ऐकलं असंल का, कुणास ठाऊक. मी ऐकलं, पर मी बाप, माझं कोण धरतंय. तुमी लिहायलाव तर तेवढं लिहा. बाकी तिचं चांगलं चाललंय, तसंच चालू राहू द्या, मला आणखी काय पाहिजे.