सारखीच चरबी

दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर एक जोडपं बसलं होतं. ती पळायच्या बुटांत, तो घरातल्या चपलांत. त्याच्या हातात दोघांच्या तपासणीचे रिपोर्ट होते.

"बघ! तुझ्या मांडीच्या स्नायूंत जेवढी चरबी, तेवढीच माझ्या. तू रोज पहाटे मैलोन्‌मैल पळतेस, मी लोळतो."

"अहो, माझी पळताना जळते आणि पुन्हा भरते. इंधन आहे ते, डॉक्टर म्हणाले ना!"

"माझंही इंधनच."

"तुमचं नुसतं पडून आहे."

"म्हणजे शिल्लक कुणाची? माझीच ना!"

"त्या शिलकीचीच डॉक्टरांना काळजी वाटतेय. वर बोलावलंय, उठा."

"लिफ्ट?"

"बंद आहे."

"मग तूच जाऊन ये. चरबी सारखीच आहे, माझ्याऐवजी तुझी मांडी दाखव."

"आणि गोळ्या दिल्या तर?"

"त्याही तूच घे. गुण मला येईल."