गाडी सोडायची नाही

ट्रॅव्हलवाली : नकाशावर दोन बोटांचं अंतर दिसतं, काका, पण गाडीने अख्खा दिवस जातो. तो देश किती पसरलाय याची इथे बसून कल्पना येत नाही. दहा दिवसांत दोनच ठिकाणं धरा.

काका : आम्हाला एकच धरायचंय.

काकू : हे बघा, इथे. डांबरी रस्ता संपतो ना, त्याच्या थोडं वर.

ट्रॅव्हलवाली : तिथे बघण्यासारखं काही नाही हो, काकू. नुसता तांबडा माळ. त्यापेक्षा समुद्राकाठचं शहर घ्या. सकाळी फिरायचं, दुपारी खोलीत पडून राहायचं. तुम्हा दोघांना झेपेल.

काकू : समुद्र नको.

ट्रॅव्हलवाली : बरं. मग निदान उन्हाळा तरी टाळा. पुढच्या वर्षी थंडीत जा.

काकू : हेही तेच म्हणत होते. पण माझे डोळे चाललेत, बाई. काचबिंदू. उजवा गेलाच, डावा वर्षभर साथ देईल म्हणतात डॉक्टर. दिसतंय तोवर जायचंय.

ट्रॅव्हलवाली : असं आहे होय. मग मी सांगते ते नीट ऐका. माणशी दिवसाला पाच-सहा लिटर पाणी, तहान नसली तरी प्यायचं. कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे, सैल.

काका : कपड्यांचं मला नका सांगू. चाळीस वर्षं शिवतोय.

ट्रॅव्हलवाली : मग तर झालंच. टोपी रुंद काठाची घ्या. पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरायचं, पुढचा पंप कधी येईल त्याचा नेम नाही. फोनला रेंज नसते, म्हणून कुठे निघालो, कधी पोचणार, हे मुक्कामावर सांगूनच निघायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडी बंद पडली तर गाडी सोडायची नाही. कितीही वेळ लागो. शोधायला विमान येतं. वरून गाडी दिसते, चालणारा माणूस दिसत नाही.

काका : हे तुम्ही सगळ्यांना सांगता?

ट्रॅव्हलवाली : सगळ्यांना. हल्ली छापूनच देते. हा घ्या कागद.

काका : हल्ली म्हणजे कधीपासून?

ट्रॅव्हलवाली : झाली असतील दोन-तीन वर्षं. का हो?

काकू : अहो, राहू द्या ना.

काका : राहू कसं देऊ? बाई, आमचा मुलगा तुमच्याकडूनच गेला होता. तीन वर्षांपूर्वी. तुमचं कार्ड त्याच्या खणात सापडलं.

ट्रॅव्हलवाली : तो... दाढीवाला? पक्ष्यांचे फोटो काढायचे होते त्याला.

काकू : तोच. गाडी वाळूत रुतली त्याची. दुसऱ्या दिवशी गाडी सापडली, मागच्या सीटवर पाण्याचा अख्खा कॅन. तो सापडला पाचव्या दिवशी. गाडीपासून चौदा किलोमीटरवर.

ट्रॅव्हलवाली : मला फोन आला होता तिथल्या पोलिसांचा. मी तुम्हाला ओळखलं नाही हो.

काका : ओळखाल कशा? मी आलोच नव्हतो कधी. आजही हिने ओढून आणलं. मला एवढंच सांगा, गाडीचं त्याला सांगितलं होतं का?

ट्रॅव्हलवाली : काका, त्याला खूप दिवस झाले...

काका : विसरला असाल तर तसं सांगा. पण तुम्ही विसरल्यासारख्या दिसत नाही.

ट्रॅव्हलवाली : नव्हतं सांगितलं. मलाच माहीत नव्हतं. मी तिथे कधी गेलेलीच नाही. पाण्याचं सांगितलं, टोपीचं सांगितलं. हॉटेलच्या गच्चीवरून सूर्यास्त छान दिसतो, तेही सांगितलं. गाडीचं मला त्या फोनवर कळलं.

काका : आणि मी तीन वर्षं त्याला बोल लावतोय. जन्मात कुणाचं ऐकलं नाही, तिथेही ऐकलं नसेल, स्वतःच्या हाताने मेला, असं म्हणत आलो. भिंतीवर फोटो लावू दिला नाही हिला.

काकू : त्याला माहीतच नसेल, असं म्हणत होते मी.

काका : म्हणत होतीस.

काकू : त्याला वाटलं असेल, थोडं चाललं की कुणीतरी भेटेल. इथे भेटतंच की.

ट्रॅव्हलवाली : काकू, मी काय बोलू?

काका : काही बोलू नका.

(काका उठून दारापर्यंत जातात आणि तिथेच पाठमोरे उभे राहतात.)

काकू : असू द्या. येतील ते. तुम्ही तारखा बघा.

ट्रॅव्हलवाली : मी दुसऱ्या एका ऑफिसचा पत्ता देते तुम्हाला. माणसं चांगली आहेत. माझ्या हातून हे तिकीट नको वाटेल तुम्हाला.

काकू : नको. तिथे पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगावं लागेल.