सात वाजता बंद

—नाही ओ, चालवत नाही, बंद करतो. तुमच्या मामांनी सांगितलं असेल, पोरगा पुण्याच्या कंपनीत मोठमोठे सर्व्हर चालवतो. चालवणारे वेगळे. आता आपल्याला गच्चीवर एकटं बोलायला पाठवलंच आहे तर खरं सांगतो, सुकन्या. कंपनीनं क्लाउडवर मशीन भाड्यानं घेतलेत — क्लाउड म्हणजे काय, लांब कुठंतरी दुसऱ्याचे कॉम्प्युटर — आणि आमचे लोक ते चालूच सोडून घरी जातात, विहिरीवरची मोटार चालू ठेवून जेवायला जावं तसं. म्हणून मी एक स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम. संध्याकाळचे सात वाजले की जे चालू दिसेल ते बंद. कुणी परत चालू केलं, तर थोड्या वेळानं परत बंद. साहेब खूष. मी तर काय, आठवडाभर कॉलर ताठ करून फिरलो.

लिहिली कधी? मे महिन्यात. तिथंच माती खाल्ली. तुमच्या इथल्या साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं काम आमच्याच एका मशीनवर चालतं, पण मे महिन्यात कारखानाच बंद, मग बोंबलणार कोण? आणि मी श्रीगोंद्याचा, उसात वाढलेला — मला सुचू नये की हंगामात काटा रात्रभर चालू असतो? परवा गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडली, गाळप सुरू झालं, आणि सातला काटा बंद. त्यांनी चालू केला, स्क्रिप्टनं बंद केला. लई आज्ञाधारक. ट्रॅक्टरांची रांग पार वेशीपर्यंत. मला फोनवर फोन, आणि माझा फोन सायलेंटवर, कारण आत्या तुमचा फोटो दाखवत होती आणि मी — ते जाऊ द्या.

अशा का बघताय? ... हां. मघाशी पोहे खाताना तुमचे वडील म्हणाले ना, ‘रातभर माझा ऊस रांगेत वाळला, त्या कंप्युटरवाल्यालाच मोळीसंगं गव्हाणीत टाकाया पायजे’ — तेव्हा सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं? मीच. घाम पुसत पुसत हसलो. भीती वाटते ओ. तुम्ही आवडलात, म्हणून जास्तच वाटते.

असं करा, नकार द्यायचा असेल तर इथंच देऊन टाका. मग मला खाली काही बोलावंच लागणार नाही, गुपचूप गाडीत बसून जाईन. — म्हणा की, ‘नाही’. — म्हणत नाही? — बरं. मग तुमच्या वडिलांना सांगावंच लागतंय. सरका जरा, मला आधी उतरू द्या.