तोरीचं वर्षश्राद्ध

(दक्षिण कोरियात संगजूजवळच्या खेड्यातलं घर. चौरंगावर भात, मांस, पर्सिमनची टोमॅटोसारखी केशरी फळं आणि मेलेल्या कुत्र्याचा फोटो. लेक हेजंग सकाळीच सोलहून आली आहे.)

आई : अहो, दार उघडं राहू द्या. तोरीचा आत्मा यायचाय.

बाबा : बाहेरून कसा येईल? तोरी तर माझा मोजा घेऊन कपाटामागे पळाला.

हेजंग : तेच म्हणतेय मी! आई, तो फोटो उचल. जिवंत कुत्र्याचं श्राद्ध घालतं का कुणी? तुझ्यासाठीच तर क्लोन करून आणलाय.

आई : गेल्या वर्षी याच दिवशी माझ्या मांडीवर जीव सोडला त्यानं. त्याचं वर्ष चुकवू?

हेजंग : अगं, त्याच्याच कानाच्या कातडीपासून झालाय हा. सगळी जनुकं तीच. कंपनीनं प्रमाणपत्र दिलंय, सोनेरी शिक्क्याचं.

बाबा : त्यावर सकाळीच मुतलाय तो. पण काय गं, क्लोन म्हणजे नेमकं काय? कंपनीच्या माणसाला फोनवर विचारलं, तर म्हणतो, 'अत्याधुनिक माया.'

हेजंग : ग्रीक शब्द आहे, बाबा. मूळ अर्थ डहाळी. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत झाडांच्या शास्त्रज्ञांनी तो कलमांसाठी घेतला. एका झाडाच्या डहाळ्यांपासून केलेली सगळी झाडं म्हणजे त्याच झाडाच्या प्रती. प्राण्यांना तो नंतर चिकटला.

बाबा : डहाळी? आयला! पर्सिमनची बी पेरली तर सुपारीएवढी तुरट फळं येतात, म्हणून रोपावर चांगल्या झाडाची डहाळी बांधायची. पन्नास वर्षं तेच करतोय मी. तीनशे क्लोन उभे केले, पण पांढरा कोट काही कुणी घातला नाही अंगावर.

हेजंग : मग तुम्हीच सांगा ना हिला. सगळी झाडं सारखीच ना?

बाबा : फळ सारखं. पण विहिरीकडचं माजलंय, उतारावरचं कायम रडकं. आणि वादळात जे पडलं ना, त्याच्या जागी त्याचीच डहाळी लावली, तरी तिथून जाताना अजून वाईट वाटतं मला.

हेजंग : तुम्ही नक्की कुणाच्या बाजूनं आहात?

बाबा : जेवणाच्या. पण ते राहिलंय कुठं? आत्म्यापुढचं मांस आत्म्यानं केव्हाच खाल्लं. बघ, मिशा चाटतोय.

आई : खाऊ दे. मी तोरीला दोन नमस्कार घालते, मग आपण जेवू.

हेजंग : म्हणजे तुला हा तोरी वाटतच नाही.

आई : तोरी माझ्या चपलेवर डोकं ठेवून झोपायचा. यानं ती चप्पलच खाल्ली.

हेजंग : किती हौसेनं आणला गं मी! दोन वर्षांची बचत घातली. नसेल पटत, तर पंधरा दिवसांत परत घेतात ते. उद्या नेते.

आई : नेते म्हणे! जित्या जिवाला असं परत करतात होय? राहू दे त्याला इथंच. फक्त नाव दुसरं ठेव. तोरी म्हणून हाक मारली की मला रडू येतं, आणि हा बिचारा कान पाडून बघत बसतो, आपलं काय चुकलं म्हणून.